चिप्स दुप्पट, किंमत दीडपट

काही दिवसांपूर्वी माझा भाचा पणजीहून परतला, तो एक तक्रार घेऊनच. मांडवीच्या पात्रात नांगरलेल्या एका कॅसिनोच्या बोटीवर तो अल्प प्रवेशशुल्काची पोकर स्पर्धा खेळला होता. बक्षिसे तिघांना होती, चौघे उरले होते आणि चौघांपुढच्या चिप्स जवळजवळ सारख्याच होत्या. भाच्याच्या हातात राण्यांची जोडी आली, समोरच्या खेळाडूने सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या आणि भाच्याने त्याला कॉल केला, म्हणजे तेवढ्याच चिप्स आपणही लावल्या. समोर एक्का-राजा निघाले, टेबलावर सगळ्यांसाठी उघडल्या जाणाऱ्या पानांपैकी शेवटच्या पानावर आणखी एक राजा आला आणि भाचा रिकाम्या हाताने उठला. “मामा, जिंकण्याची शक्यता माझ्या बाजूने 57 टक्के होती. खेळ बरोबर होता, नशीब खोटे निघाले,” असे त्याचे म्हणणे. राण्यांची जोडी एक्का-राजाविरुद्ध सुमारे 57 टक्के वेळा जिंकते, हे खरेच आहे. तरीही त्याचा खेळ बरोबर नव्हता आणि त्यात नशिबाचा काही दोष नव्हता, हे त्याला पटवताना माझी संध्याकाळ गेली.

(ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई आहे. पोकर खेळावा की नाही, हा या लेखाचा विषय नाही. त्यातले गणित मात्र शिकण्यासारखे आहे.)

स्पर्धेत प्रत्येकाला प्रवेशशुल्काच्या बदल्यात सारख्याच चिप्स मिळतात आणि चिप्स संपल्या की खेळाडू बाद होतो. प्रत्येक डावात दोघांना ब्लाइंड नावाची सक्तीची रक्कम लावावी लागते, पुढे तिच्यात अँटी नावाच्या आणखी एका सक्तीच्या रकमेची भर पडते आणि ठरावीक मिनिटांनी हे आकडे वाढत जातात. अँटी सुरू होण्यापासून बक्षिसांच्या उंबरठ्यापर्यंतच्या काळाला मी मधला टप्पा म्हणतो. हौशी खेळाडू सर्वांत जास्त पैसे इथेच घालवतो, कारण सुरुवातीला संयमाने खेळण्याची त्याला लागलेली सवय इथेही सुटत नाही.

हा संयम किती महाग पडतो ते पाहा. नऊ जणांच्या टेबलावर ब्लाइंड 100 आणि 200 असतील आणि मोठा ब्लाइंड लावणाराच सर्वांच्या वतीने 200 ची अँटी भरत असेल, तर नुसते बसून राहिल्याचे भाडे प्रत्येक फेरीला 500 चिप्स होते. तुमच्याकडे 4000 चिप्स असतील तर तुम्ही आठ फेऱ्या, म्हणजे 72 डाव, तग धराल. गणितज्ञ पॉल मॅग्रिएल यांच्या आडनावावरून या आठ या आकड्याला ‘एम’ म्हणतात. एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते. 72 डावांत ती एकदा तरी येण्याची शक्यता फक्त 28 टक्के आहे, आणि ब्लाइंड वाढत असल्याने प्रत्यक्षात तेवढे डावही मिळत नाहीत. म्हणून मधल्या टप्प्यात मध्यम पानांवरही ब्लाइंड पळवावे लागतात, म्हणजे चिप्स लावून इतरांना माघार घ्यायला लावायची आणि मधली सक्तीची रक्कम उचलायची. 440 चिप्स लावून मधले 500 मिळवायचे असतील, तर 47 टक्के वेळा सगळ्यांनी पाने टाकली, म्हणजे डाव सोडून दिला, तरी सौदा तोट्यात जात नाही. तुमच्यामागे तिघे असतील तर त्या प्रत्येकाने 78 टक्के वेळा पाने टाकली की पुरते. स्वस्त स्पर्धांत मात्र हा हिशेब डोळे झाकून लावता येत नाही. थोड्या पैशांत आलेला खेळाडू खेळायला आलेला असतो, पाने टाकायला नाही, आणि तो हलक्या पानांवरही कॉल करतो. त्यामुळे ब्लाइंड पळवायचे ते सतत पाने टाकणाऱ्यांचे, आणि कॉल करणाऱ्यापुढे थापा मारत बसायचे नाही.

आता ज्यासाठी लेखणी उचलली त्या मुद्द्याकडे येतो. चिपची रुपयांतली किंमत किती? अर्धवट राहिलेल्या खेळातला डाव न्यायाने कसा वाटून घ्यायचा, या प्रश्नावर 1654 मध्ये पास्कल आणि फर्मा यांचा पत्रव्यवहार झाला आणि त्यातून संभाव्यताशास्त्र आकाराला आले. आपला प्रश्न त्याच घराण्यातला आहे. समजा, बक्षिसे 500, 300 आणि 200 रुपये आहेत आणि चौघांकडे प्रत्येकी 2500 चिप्स आहेत. सगळे सारखेच कुशल असतील तर प्रत्येकाचा वाटा 250 रुपयांचा होतो. आता दोघे भिडले आणि एक बाद झाला, तर जिंकणाऱ्याकडे 5000 चिप्स येतील. पण म्हणून त्याचा वाटा 500 रुपयांचा होतो का?

पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता काढणे सोपे आहे. समान कौशल्याच्या खेळात प्रत्येक डावानंतर चिप्सची सरासरी अपेक्षा बदलत नाही. शेवटी तुमच्याकडे एक तर सगळ्या चिप्स असतात किंवा एकही नसते. म्हणून सगळ्या मिळण्याची शक्यता आजच्या हिश्श्याइतकीच, म्हणजे इथे निम्मी. दुसऱ्या क्रमांकासाठी डेव्हिड हार्विल यांनी 1973 मध्ये घोड्यांच्या शर्यतीसाठी मांडलेली आणि मेसन मालमुथ यांनी 1987 मध्ये पोकरकडे वळवलेली युक्ती वापरतात: पहिला आलेला खेळाडू बाजूला काढायचा आणि उरलेल्यांत पुन्हा चिप्सच्या प्रमाणात शक्यता वाटायची. 2500 चिप्सवाल्या दोघांपैकी एक जण पहिला येण्याची शक्यता पाव; तो आला तर उरलेल्या 7500 पैकी 5000 आपल्या, म्हणजे दोन-तृतीयांश. असे दोन प्रतिस्पर्धी आहेत, म्हणून दुसरे येण्याची शक्यता एक-तृतीयांश, आणि तिसरे येण्याची उरलेली एक-षष्ठांश. निम्मे 500, एक-तृतीयांश 300 आणि एक-षष्ठांश 200 यांची बेरीज होते 383 रुपये. चिप्स दुप्पट झाल्या, किंमत जेमतेम दीडपट झाली.

मग उरलेले 117 रुपये गेले कुठे? पाने टाकून शांत बसलेल्या दोघांच्या खिशात, प्रत्येकी 58 रुपये. या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो आणि चौथ्याचाही. भाच्याने 133 रुपये मिळवण्यासाठी 250 रुपये पणाला लावले होते. असा सौदा फायद्याचा ठरायला जिंकण्याची शक्यता 65 टक्क्यांहून जास्त हवी. त्याच्याकडे 57 टक्के होती. समोरच्याने एक्का-राजा उघडे करून दाखवले असते, तरी राण्या टाकून देणेच योग्य होते. पहिल्यांदा हा हिशेब केला तेव्हा मलाही तो चुकल्यासारखा वाटला होता.

दर्दी खेळाडू आक्रमण भरपूर आणि कॉल कमी करतात, त्यामागचे कारण हेच आहे. चिप्स पुढे सरकवणारा दोन वाटांनी जिंकतो: समोरच्याने पाने टाकली तर लगेच, नाहीतर पाने उघडल्यावर. कॉल करणाऱ्याला दुसरी वाट तेवढी उरते.

चिप्सची किंमत काढण्याचे हे प्रतिमान परिपूर्ण नाही. खेळाडूंचे कौशल्य, बसण्याची जागा, पुढच्याच डावात येणारे ब्लाइंड यांपैकी काहीही त्यात नाही. पण ‘या खुर्चीवर पाने येतात’ किंवा ‘तीनदा हरलो, आता आलेच पाहिजे’ यांपेक्षा ते कितीतरी बरे. पिसलेल्या पत्त्यांना मागचा डाव आठवत नसतो. संगणकाने पोकर सोडवला, ही आरोळीही जपून ऐकावी. 2019 मध्ये सहा जणांच्या खेळात व्यावसायिकांना हरवणाऱ्या ‘प्लुरिबस’ या प्रणालीच्या प्रयोगांत प्रत्येक डावाला सगळ्यांच्या चिप्स पुन्हा 10,000 केल्या जात, त्यामुळे आपला प्रश्न तिथे उद्भवतच नव्हता.

चिप्स असमान झाल्या की चित्र आणखी तीव्र होते. समजा, चौघांकडे 4500, 2500, 2500 आणि 500 चिप्स आहेत. पहिल्याने सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या आणि 2500 वाल्या एकाला कॉल करायचा असेल, तर त्याच रीतीने त्याचा वाटा आज 283 रुपये येतो आणि जिंकल्यावर 376. म्हणजे जिंकण्याची शक्यता आता 75 टक्क्यांहून जास्त हवी. समोरचा पाने न बघताच सरकवतो आहे, असे गृहीत धरले तरी दश्श्यांची जोडी जेमतेम काठावर अडखळते. गुलामांपासून वरच्या जोड्याच पार होतात. 500 चिप्सवाला आज-उद्या बाद होणारच, मग त्याच्याआधी आपण कशाला, या विचाराने मधले दोघे जखडले जातात आणि मोठा खेळाडू डावामागून डाव ब्लाइंड गोळा करत जातो. तुमच्याकडे सर्वांत जास्त चिप्स असतील तर हे काम बिनदिक्कत करावे. तुम्ही मधले असाल तर सर्वांत मोठ्या खेळाडूशी भिडणे टाळावे.

चौथा खेळाडू बाद झाला की ही कोंडी सुटते. 200 रुपये आता प्रत्येकाला नक्की असतात आणि तिघांकडे समान चिप्स असतील, तर कॉलसाठी लागणारी शक्यता 65 वरून 57 टक्क्यांवर उतरते. भाच्याच्या त्याच राण्या, त्याच एक्का-राजासमोर, एक खेळाडू कमी झाल्यावर नेमक्या काठावर येतात.