हिरड्या गुलाबीच हव्यात, हे कुठून आलं?

'डॉक्टर, हिरड्या काळ्या दिसतात, गुलाबी करता येतील का?' लग्न ठरलं की पुण्यातल्या दवाखान्यांत हा प्रश्न घेऊन येणारे असतात. त्यांतल्या कितीतरी हिरड्यांना काहीही झालेलं नसतं.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात दातांच्या मुळांशी होणारे १५ रोग दिले आहेत. त्यांतल्या शीतादात हिरड्यांतून अचानक रक्त येतं. त्या दुर्गंधित, काळपट, ओलसर, मऊ होऊन झडू लागतात. रास्ता पेठेत १९३३ साली सुरू झालेल्या टिळक आयुर्वेद महाविद्यालयासारख्या ठिकाणी हा भाग शालाक्यतंत्रात, म्हणजे डोळे, कान, नाक, तोंड यांच्या रोगांच्या शाखेत, येतो. इथे काळेपणा एकटा येत नाही, रक्त आणि मऊपणा त्याच्याबरोबर असतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

'प्रवाळी गुलाबी' हा निकष मात्र पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतला, आणि ती लिहिणाऱ्यांपुढचे रुग्ण बहुतेक गोरे. सावळ्या त्वचेत असतं तेच मेलॅनिन हे रंगद्रव्य हिरड्यांतही असतं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय दंततज्ज्ञ क्लिफ्टन डमेट यांनी १९६० च्या दशकात या रंगछटांची श्रेणी ठरवली आणि त्या नैसर्गिक असल्याचं ठासून मांडलं. लहानपणापासून असलेला, दोन्ही बाजूंना सारखा पसरलेला तपकिरी पट्टा हा आजार नव्हे. मशेरी किंवा सिगारेटने नव्याने आलेला काळेपणा वेगळा. तो दाखवून घ्यायलाच हवा.

मग बघायचं काय? हिरडीची कड पातळ आणि दाताला बिलगलेली हवी, दोन दातांमधली फट हिरडीच्या टोकदार त्रिकोणाने भरलेली हवी, आणि बोटाने दाबलं तर हिरडी घट्ट लागायला हवी. कापसाने टिपून कोरडी केली की संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे दिसतात. अनेक निरोगी माणसांत ते नसतातही. पण होते आणि गेले, तर सूज आली असं समजावं.

रक्ताला खरं वजन आलं ते १९६३ साली. लो आणि सिलनेस या दंतसंशोधकांनी हिरड्यांसाठी ० (निरोगी) ते ३ (तीव्र सूज) असा निर्देशांक दिला. दंततज्ज्ञाच्या तपासणीच्या सळईच्या हलक्या स्पर्शाने रक्त आलं की गुण थेट २. दोन वर्षांनी डेन्मार्कमधल्या आर्हुस इथे लो आणि सहकाऱ्यांनी १२ निरोगी जणांचं दात घासणं बंद केलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. रक्त येतं म्हणून ब्रश थांबवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रयोग सांगावासा वाटतो.

हिरड्यांच्या आजारांवरच्या २०१७ च्या जागतिक कार्यशाळेने, जिचे निष्कर्ष २०१८ मध्ये छापले गेले, निरोगी हिरड्यांचे आकडे पक्के केले: तपासलेल्या जागांपैकी १० टक्क्यांहून कमी ठिकाणी रक्त, आणि हिरडी व दात यांच्यामधल्या खाचेची खोली ३ मिलिमीटरपर्यंत. गुलाबीच हवी, अशी अट त्यात नाही. सिगारेट ओढणाऱ्यांनी मात्र रक्त येत नाही म्हणून निश्चिंत राहू नये. धूम्रपानाने हिरड्यांतलं रक्त येणं दबतं आणि आतलं हाड झिजत असलं तरी वरून काही कळत नाही. त्यांच्या बाबतीत या खाचेची खोली मोजून घेणं, गरज पडली तर एक्स-रे काढणं, हाच मार्ग.