गट आहेत, पण सापडत नाहीत: विकेंद्रित नेटवर्कमागची गोष्ट

रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या करप्यापासून आजच्या भावापर्यंतची चर्चा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालते. त्यात शिरायचं तर ओळखीच्या कुणीतरी लिंक पाठवावी लागते. सुरतेत स्थायिक झालेल्या खान्देशी घरांचे अहिराणी ग्रुपही तसेच. पूर्वी ऑर्कुट या सोशल नेटवर्कवर नाव टाकलं की कम्युनिटी समोर यायची. ३० सप्टेंबर २०१४ला गुगलनं ऑर्कुट बंद केलं. जागा एका कंपनीची असली की हे कधीही होऊ शकतं.

यावरचा उपाय त्याआधीच शोधला जात होता. २००८मध्ये सॉफ्टवेअर विकसक इव्हान प्रोड्रोमू यांनी आयडेंटिका ही ट्विटरसारखी सेवा सुरू केली. २०१६मध्ये मॅस्टोडॉन हे तशाच छोट्या पोस्टींचं नेटवर्क आलं. सर्व्हर अनेक, प्रत्येकाचा चालक आणि नियम वेगळे, पण सगळे एकमेकांशी बोलणारे. जानेवारी २०१८मध्ये सर्व्हरांच्या या बोलण्याचे सामाईक तांत्रिक नियम ठरले, त्यांचं नाव अ‍ॅक्टिव्हिटीपब. त्यात पोस्ट एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर कशी पोचवायची ते नीट लिहिलं आहे. कोणता गट कुठे आहे, याची सामाईक यादी मात्र त्यात नाही, आणि पुढची सगळी अडचण तिथूनच आली.

नोव्हेंबर २०१९मध्ये वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झाल्यावर भारतातून अनेकजण मॅस्टोडॉनवर गेले. कोणता सर्व्हर निवडायचा, आपली माणसं कुठे आहेत, हेच कळेना, बरेचजण परतले.

जून २०२३मध्ये रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळानं बाहेरच्या अ‍ॅप्सना लावलेल्या नव्या शुल्कांवर चिडलेले लोक लेमीवर, म्हणजे रेडिटसारख्याच पण अनेक सर्व्हरांवर चालणाऱ्या गटांच्या नेटवर्कवर आले, तेव्हा ही अडचण ठळक दिसली. समजा, रावेरच्या कुणी लेमीवर खातं उघडून 'केळी' शोधलं. दुसऱ्या सर्व्हरवर केळीचा गट असला तरी त्याला काहीच दिसणार नाही, कारण त्याच्या सर्व्हरवरच्या कुणीही तो गट अजून शोधलेला नाही. उद्गारचिन्ह, गटाचं नाव, अ‍ॅटचं चिन्ह, सर्व्हरचं नाव असा पूर्ण पत्ता टाकला, की सर्व्हर तिकडे विचारणा करून गट आणतो. पुढे तो तिथल्या सगळ्यांना सापडतो. म्हणजे पहिला पत्ता आणणारा माणूस लागतोच, आणि मला त्याचं काम फार मोलाचं वाटतं.

हे काम सोपं करायला स्वयंसेवकांनी लेमी एक्स्प्लोररसारख्या याद्या उभ्या केल्या. ब्लूस्काय या ट्विटरसारख्या दुसऱ्या नेटवर्कनं जून २०२४मध्ये स्टार्टर पॅक आणले; त्यात कुणीही १५० खात्यांपर्यंतची यादी करून वाटू शकतो. मॅस्टोडॉननं सप्टेंबर २०२३मध्ये मजकुराचा शोध दिला, पण ज्यांनी परवानगी दिली त्यांच्याच पोस्टींपुरता. आपलं लिखाण कुणीही चाळू नये, असं वाटणारे तिथे खूप आहेत, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे.

खान्देशच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. हॅशटॅगचा शोध अक्षरावर चालतो. कुणी खान्देश लिहितं, कुणी खानदेश, कुणी रोमन लिपीत, अहिराणीचंही तेच. लेवा गणबोली या जळगावकडच्या बोलीत लिहिणारे तर कधी नुसतं 'लेवा' टाकतात. म्हणून स्टार्टर पॅक किंवा गटांची यादी करणाऱ्यानं ही सगळी रूपं वर्णनात घालावीत, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार ही नावंही.