वाळूल्यात की वाळल्यात?

गेल्या पावसाळ्यात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आत्याकडे गेलो होतो. उसाचा एक पट्टा पिवळा पडत चालला होता. नातीनं आत्याच्या फोनवर शेतीचा सल्ला देणारं एक ॲप घालून दिलं होतं. आत्यानं फोन तोंडाशी धरला आणि विचारलं, "उसाची पानं वाळूल्यात, काय घालू?" पडद्यावर अक्षरं उमटली, "उसाची पानं वाळल्यात, काय घालू?" पाठोपाठ छान मराठीत उत्तर आलं. खालची जुनी पानं वाळणं नैसर्गिक आहे, पाचट काढून सरीत पसरा, ओल टिकेल.

पाचटाबद्दल हे सगळं खरंच आहे. पण आत्या पाचटाबद्दल विचारतच नव्हती. आमच्या भागात चालू असलेली क्रिया "ऊल" घालून सांगतात. काय करूलास, कुठं जाऊलास, पानं वाळूल्यात. म्हणजे वाळत आहेत, आज, डोळ्यांदेखत. यंत्रानं तो "ऊ" गाळला आणि घडत असलेली गोष्ट घडून गेलेली करून टाकली. संध्याकाळी मामांनी एक बेट हलवून बघितलं, तर ते मुळासकट हातात आलं. खाली पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या. हुमणी. मुळं खाऊन संपवली होती.

या यंत्रांना आपण कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतो. बोललेलं लिहून घेणारं यंत्र व्याकरण शिकून आलेलं नसतं. हजारो तासांचं ध्वनिमुद्रण आणि त्यासमोर लिहिलेला मजकूर त्याला दाखवलेला असतो, आणि कोणत्या आवाजाला कोणता शब्द असण्याची शक्यता जास्त, याचे आकडे ते स्वतःत जुळवत जातं. कानावर नीट न बसलेला शब्द आला की ते त्याच्या ओळखीचा, जवळचा शब्द उचलतं. "वाळूल्यात" त्यानं ऐकलेला नसेल किंवा अगदी क्वचित ऐकला असेल, "वाळल्यात" पुष्कळदा. त्यात यंत्राला आत्याचं वावडं नाही. तिच्यासारखं बोलणारी माणसं त्याच्या शिकवणीत नव्हती, एवढंच. पण परिणाम एकच, उसाचं नुकसान.

अशा यंत्राचे गुण कसे मोजतात, तेही बघण्यासारखं आहे. चुकलेले, गाळलेले आणि जादा घातलेले शब्द मोजायचे आणि एकूण शब्दांनी भागायचं. आत्याच्या वाक्यात पाच शब्द, एक चुकला, म्हणजे चूक 20 टक्के. यंत्रानं "वाळूल्यात" बरोबर लिहून "पानं"च्या जागी "पाने" लिहिलं असतं तरी चूक 20 टक्केच धरली असती. पहिल्या चुकीत ऊस जातो, दुसरीत काहीच बिघडत नाही. मोजपट्टीला हा फरक दिसत नाही. तो बघणारा माणूस लागतो, आणि त्याला ऊसही कळावा लागतो.

त्याहून फसवी गोष्ट सरासरी. समजा, यंत्राची परीक्षा 100 जणांच्या आवाजावर घेतली. त्यातले 90 पुण्या-नाशिकच्या वळणाचं बोलणारे, 10 आपल्याकडचे. 90 पैकी 88 जणांचं यंत्रानं नीट ऐकलं, आपल्या 10 पैकी फक्त 4 जणांचं. निकाल 92 टक्के. जाहिरातीत 92 छापून येईल आणि ते खोटंही नसेल. पण खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीच्या बाईसाठी त्या यंत्राचे गुण 40 आहेत.

हे उदाहरण मी कल्पून सांगितलं, पण असं प्रत्यक्षात मोजलं गेलं आहे. अमेरिकेत 2020 साली पाच मोठ्या कंपन्यांची इंग्रजी ऐकणारी यंत्रं तपासली गेली. गोऱ्या लोकांच्या बोलण्यात 100 शब्दांमागे सरासरी 19 चुका होत्या, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात 35. त्याआधी 2018 मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधक बायांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ओळखणारी यंत्रं तपासली होती. उजळ पुरुषांच्या बाबतीत जास्तीत जास्त चूक 0.8 टक्के, सावळ्या बायकांच्या बाबतीत 34.7 टक्क्यांपर्यंत. गट वेगळे करून मोजेपर्यंत हे दिसलंच नव्हतं. विश्वासार्ह यंत्र कोणतं, हे ठरवायला माझ्या मते हा पहिला प्रश्न आहे. गुण किती, हे नंतर विचारावं. आधी विचारावं, परीक्षा कुणावर घेतली?

आपल्याकडे, या कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागात, या प्रश्नाला अनेक पदर आहेत. घरात मराठी, बाजारात कन्नड, शाळेत इंग्रजी, आणि एकाच वाक्यात तिन्ही. अक्का, अण्णा आणि अडकित्ता आपल्याकडे कन्नडमधून आले, असं भाषेचे जाणकार सांगतात. "ळ" तर मराठीचाही आणि कन्नडचाही. हिंदीच्या नेहमीच्या वर्णमालेत तो नाही, म्हणून हिंदीवर वाढलेल्या यंत्राकडून आपल्या बेळगावचं नाव "बेलगाम" असं येऊ शकतं. मराठीत बेलगाम म्हणजे काय, ते सांगायला नको. सीमेच्या पलीकडे जत आणि अक्कलकोटमध्ये कन्नड बोलणाऱ्यांची अडचण हीच, फक्त आरशातली. म्हणून हे मराठीचं गाऱ्हाणं म्हणून मांडायला माझं मन घेत नाही. दोन भाषांच्या कडेवर राहणाऱ्या सगळ्यांचंच ते आहे.

आता नावाचं बघा. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, बँकेचं पासबुक इंग्रजीत, जुना शाळेचा दाखला मराठीत. कन्नड लिपीत ऱ्हस्व आणि दीर्घ "ए" वेगळे, "ओ"सुद्धा वेगळे. देवनागरीत आपण एकेकच वापरतो. इंग्रजीत तर एकच आडनाव तीन भाऊ तीन तऱ्हांनी लिहितात. कारकून हे बघून ओळखतो की माणूस एकच आहे. नुसती अक्षरं जुळवणारं यंत्र म्हणू शकतं की ही तीन माणसं आहेत, आणि मग आपण आपणच आहोत हे सिद्ध करायचं ओझं शेतकऱ्याच्या डोक्यावर. नेदरलँड्समध्ये बालसंगोपनाच्या अनुदानात फसवणूक शोधण्यासाठी जी पद्धत वापरली, तिनं हजारो निर्दोष पालकांना लबाड ठरवलं. दुहेरी नागरिकत्व हे तिथं जोखमीचं एक लक्षण धरलं गेलं होतं. जानेवारी 2021 मध्ये त्या प्रकरणावरून तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. दोन कागदांवर दोन ओळखी असणं म्हणजे संशय, हे गणित सीमाभागातल्या माणसानं फार काळजीपूर्वक वाचायला हवं.

शेतीकडे परत येतो. पानाचा फोटो काढा, रोग ओळखून देतो, असं सांगणारी ॲप आता गावोगाव आहेत. या कामातला 2016 चा एक अभ्यास फार गाजला. 54,306 पानांचे फोटो, 14 पिकं, 26 रोग, आणि अचूकता 99.35 टक्के. पण तेच यंत्र वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर चालवलं तेव्हा अचूकता 31 टक्क्यांच्या आसपास आली. हे त्या संशोधकांनी स्वतःच लिहिलं आहे, आणि हा प्रामाणिकपणा मला त्या 99 टक्क्यांपेक्षा मोलाचा वाटतो. मूळचे फोटो एकेक पान तोडून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवून काढलेले होते. शेतात पान असं कुठं मिळतं? त्यावर चिखल असतो, दुसऱ्या पानाची सावली असते, वारा असतो. त्या 14 पिकांत सफरचंद होतं, स्ट्रॉबेरी होती. चिकोडी-अथणीचा ऊस नव्हता, निपाणीचा तंबाखूही नव्हता.

दवाखान्यातही तेच. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला होणारी इजा फोटोवरून ओळखणारं गुगलचं यंत्र प्रयोगशाळेत उत्तम चाललं होतं. थायलंडच्या सरकारी दवाखान्यांत ते नेलं तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत 1,838 फोटोंपैकी 21 टक्के फोटो दर्जा पुरेसा नाही म्हणून यंत्रानं परत केले, हे 2020 मध्ये प्रसिद्ध झालं. अनेक ठिकाणी तपासणीच्या खोलीत पुरेसा अंधार करता येत नव्हता, इंटरनेट रखडत होतं. दूरवरून आलेल्या रोग्याला पुन्हा कधीतरी ये म्हणायची वेळ परिचारिकांवर आली. यंत्र प्रयोगशाळेत हुशार असून भागत नाही.

यापेक्षा खोल चूक अमेरिकेत 2019 मध्ये उघडकीला आली. कोणत्या रोग्याला जादा देखभाल लागेल हे ठरवणारं यंत्र आजाराऐवजी पुढच्या खर्चाचा अंदाज बांधत होतं. ज्यांच्यावर कमी खर्च झाला ते त्याच्या लेखी कमी आजारी. ही चूक सुधारल्यावर जादा देखभालीच्या यादीत कृष्णवर्णीयांचं प्रमाण 17.7 वरून 46.5 टक्क्यांवर जाईल, असं संशोधकांनी दाखवलं. आपल्याकडे जंगलपट्ट्यातल्या बाईचा विचार करा. एसटी चुकली, नाहीतर रोजगार बुडेल, म्हणून ती दवाखान्यात गेलीच नाही. पावती नाही, नोंद नाही. आकड्यांत तिची तब्येत ठणठणीत.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ओतीव मालातलं ब्लोहोल, म्हणजे आत राहिलेलं पोकळ भोक, कॅमेऱ्यानं शोधलं आणि एखादं सुटलं, तर माल परत येईल, नुकसान भरून काढता येईल. कर्ज नाकारलं, आजार निसटला, पेन्शन थांबली, तर तसं नाही. 1 ऑगस्ट 2024 रोजी अस्तित्वात आलेल्या युरोपच्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याची मांडणी याच समजुतीवर आहे, जितकी जोखीम जास्त तितके नियम कडक. माणसाची पत ठरवणारी यंत्रं त्यात जास्त जोखमीच्या गटात आहेत. युनेस्कोच्या 193 सदस्य देशांनी नोव्हेंबर 2021 मध्ये नीतितत्त्वं मान्य केली, आणि त्याच वर्षी नीती आयोगानंही जबाबदार कृत्रिम बुद्धिमत्तेची तत्त्वं मांडली. तत्त्वं चांगलीच आहेत. मला मात्र एक साधी तरतूद जास्त जवळची वाटते. आपल्या 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात लिहिलं आहे की संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागेल. राज्य कोणतं, याचा तिथं संबंध नाही. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्यानं होतो आहे, आणि ही तरतूद शेवटच्या टप्प्यात आहे. ती लागू झाली की बेळगावात बसून "मला हे मराठीत दाखवा" म्हणायला कायद्याचा आधार राहील, हे माहीत असू द्या.

यंत्राला आपलं बोलणं शिकवायचं तर ते कुणीतरी नोंदवायला हवं. केंद्र सरकारच्या भाषिणी उपक्रमात "भाषादान" नावाची सोय आहे, तिथं आपला आवाज देता येतो, दुसऱ्यानं दिलेला तपासता येतो. पण सीमाभागाचा आवाज म्हणजे एकच आवाज नव्हे. निपाणीची कोल्हापुराकडे झुकलेली बोली, खानापूरची, बेळगावच्या शहापूर-वडगावात मागाच्या खडखडाटात बोललेली, घरी कन्नड बोलून दारात मराठी बोलणाऱ्याची. म्हातारी माणसं आणि बाया त्यात हव्यातच, कारण नोंदीतून सगळ्यात आधी त्याच गळतात. आणि ज्याचा आवाज घेतला त्याला तो कशासाठी घेतला हे कळेल असं सांगायला हवं, नको म्हटलं तर पुसायला हवा.

दिवाळीत पुन्हा गेलो तेव्हा आत्याची नात कॉलेजच्या एका कामासाठी अशीच वाक्यं गोळा करत होती. एका रकान्यात बोललेलं, शेजारी अर्थ. तिचं शिक्षण सगळं बाहेर झालेलं. आत्याचं वाक्य तिनं लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं, "पानं वाळल्यात."

"वाळल्यात न्हवं ग," आत्या म्हणाली, "वाळूल्यात."

नातीनं शब्द खोडला, वर नवा लिहिला, आणि अर्थाच्या रकान्यात "वाळत आहेत" घातलं.