अळवावरचं पाणी आणि अंगणातले ब्लॉक

शेजारच्या काकांनी एप्रिलमध्ये अंगणात नवे पेव्हर ब्लॉक बसवले आणि आठवड्याभरात त्यांवर चकचकीत सीलरही, म्हणजे पाणी मुरू नये म्हणून लावायचा लेप, मारून घेतला. पावसाळा सरता सरता लाल ब्लॉकांवर पांढुरके डाग उमटले, तुळशीवृंदावनाभोवती सर्वांत जास्त. कुणीतरी वास्तुदोष सांगितला, शांत करायला सुचवलं. काका खरोखर धास्तावले होते. मी नखाने डाग खरवडून त्यांना दाखवला. हा चुना आहे काका, दोषबिष काही नाही. शांतीवर एक रुपयाही घालवू नका.

सिमेंट पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं, तेव्हा कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतं. पानाला लावतो तोच चुना. तो पाण्यात थोडासा विरघळतो, लिटरला जेमतेम दीड ग्रॅम. ओल ब्लॉकच्या बारीक छिद्रांतून वर येताना त्याला सोबत आणते. वर हवेतला कार्बन डायऑक्साइड भेटला की कॅल्शियम कार्बोनेट बनतं आणि ते पाण्याने धुतलं जात नाही. तुळशीला रोज पाणी, म्हणून तिथे डाग जास्त.

पण पाणी मुळात वर चढतंच कसं? मला सर्वांत आवडणारा भाग हाच. छिद्राच्या भिंतीला पाणी चिकटतं आणि पृष्ठताण त्याला वर ओढतो. छिद्र जितकं अरुंद, तितकी चढण जास्त. ०.१ मिलिमीटर त्रिज्येच्या काचेच्या नळीत पाणी सुमारे १५ सेंटिमीटर चढतं. एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या त्रिज्येत, गणिताने, १५ मीटर! आपला ब्लॉक जाडीला फार तर ८० मिलिमीटर. ही चढण काढायच्या सूत्रात आणखी एक राशी आहे, स्पर्शकोनाची कोसाइन. स्पर्शकोन म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग भिंतीला टेकतो तिथला, पाण्याच्या बाजूने मोजलेला कोन. कोन ९० अंशांच्या वर गेला की कोसाइन ऋण होते आणि ओढ उलटते. छिद्र पाण्याला बाहेर ढकलू लागतं. अळवाच्या पानावर थेंब मोत्यासारखा गोल राहतो, त्यामागेही हाच मोठा कोन असतो.

सिलेन या सिलिकॉनयुक्त रसायनांच्या जातीचे सीलर नेमकं हेच करतात. त्यांच्या रेणूचं एक टोक सिमेंटच्या भिंतीला रासायनिक बंधाने धरतं, दुसऱ्या टोकाला कार्बनची तेलकट शेपटी असते. कोन ११० अंश झाला, तर एक मायक्रॉन त्रिज्येच्या छिद्रात पाणी घुसवायला जवळपास पाच मीटर उंचीच्या पाण्याचा दाब लागेल. अंगणात पाणी साचून साचणार ते चार बोटं. आणि छिद्र मात्र उघडंच राहतं. वाफेला पृष्ठताण नसतो, त्यामुळे तिला हा नियम लागू नाही. आतली ओल वाफ होऊन निघून जाते.

काकांनी मारलेला सीलर मात्र अ‍ॅक्रिलिकचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचा होता. तो छिद्रांची तोंडंच पापुद्र्याने झाकतो. खालून आलेली ओल तिथे अडकली की पापुद्रा दुधाळ होतो, सुटू लागतो. त्यात ब्लॉक नवे, चुना अजून बाहेर पडायचा होता. एक-दोन महिने थांबून, डाग काढून, कोरड्या ब्लॉकवर सीलर मारला असता तर बरं झालं असतं. डब्यावर ‘नॅनो’ आणि ‘आजीवन’ लिहिलं म्हणून रसायन बदलत नाही. पायांनी, टायरने, उन्हाने प्रत्येक लेप झिजतो.

पांढऱ्या डागांवर बाथरूमचं अ‍ॅसिड ओतू नका. कार्बोनेटबरोबर सिमेंटही विरघळतं आणि खडी उघडी पडते. आधी कोरडा ताठ ब्रश घासून पाहा. प्रेशर वॉशरचा झोत पाच मीटरचं गणित सहज मोडतो, शिवाय सांध्यांतली वाळूही उडवतो. दिवाळीत पणतीचं तेल सांडलं तर लगेच टिपून घ्या.

सीलर शिल्लक आहे का, हे कळायला चमचाभर पाणी पुरतं. कोरड्या ब्लॉकवर ओता आणि पाच मिनिटं बघा. थेंब गोल राहिला तर काम चालू आहे. ब्लॉक गडद होऊन पाणी प्यायला, तर पुन्हा लावायची वेळ आली. काकांच्या जिन्याखाली ऊन-पाऊस पोचत नाही. तिथे थेंब अजून गोल राहतो, फाटकापाशी मात्र पाणी तीस सेकंदांत जिरलं.