सरकारी प्रकाशन हवंय? नागपुरात अर्ज कुठे, कागदपत्रं कोणती आणि ग्रंथालयांनी काय पाळायचं

राजपत्र आणि गॅझेटिअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण काउंटरवरचा बराच गोंधळ इथेच होतो. राजपत्र, म्हणजे गॅझेट, हे शासनाचं नियतकालिक. अधिसूचना, नियम, भूसंपादनाच्या नोटिसा, नावबदलाच्या जाहिराती त्यात छापून येतात. गॅझेटिअर म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारा जाडजूड ग्रंथ. नागपूर जिल्ह्याचा जुना गॅझेटिअर १९०८ चा, सुधारित १९६६ चा. आजोबांच्या शेताची नोटीस गॅझेटिअरमध्ये सापडणार नाही आणि कन्हान नदीचं वर्णन राजपत्रात मिळणार नाही.

आता कुठे जायचं ते. छापलेलं प्रकाशन असेल तर ग्रंथालय. कार्यालयातली मूळ फाईल हवी असेल आणि ती जुनी असेल तर पुराभिलेखागार. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचं एक कार्यालय नागपुरातच आहे. फाईल अजून खात्याच्या ताब्यात असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज. हे तीन दरवाजे वेगळे आहेत. चुकीच्या दारावर लोक महिनाभर थांबतात आणि मग ग्रंथपालाला बोल लावतात.

अर्जाआधीचा गृहपाठ

नागपूरकरांना इतर जिल्ह्यांपेक्षा एक अडचण जास्त आहे. आपलं गाव राजधानी होतं. त्यामुळे वर्ष बदललं की राजपत्राचं नाव बदलतं आणि नाव चुकलं की यादीत नोंद सापडत नाही. १९५० पूर्वीचं हवं असेल तर 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार', म्हणजे मध्य प्रांत व वऱ्हाड, या नावाखाली शोधा. त्यानंतर ऑक्टोबर १९५६ पर्यंत प्रांताचं नाव 'मध्य प्रदेश' होतं आणि त्याची राजधानी नागपूर होती. 'मध्य प्रदेश' छापलेला १९५३ चा अंक दिसला की विद्यार्थी तो भोपाळचा समजून परत ठेवतात. तो नागपूरचाच आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, म्हणून तिथून एप्रिल १९६० पर्यंत मुंबई सरकारचं राजपत्र पाहायचं. १ मे १९६० पासून महाराष्ट्र शासन राजपत्र. जुन्या प्रांताचे कागद राज्यांच्या या वाटणीत विखुरले. नागपुरात नाही म्हणजे कुठेच नाही असं धरू नका, भोपाळ आणि मुंबईही डोक्यात ठेवा.

महाराष्ट्राच्या राजपत्रातही भाग आहेत. स्थानिक नोटिसा बहुधा 'भाग एक, नागपूर विभागीय पुरवणी' मध्ये असतात. या पुरवणीवर एक तारीख नसते. 'गुरुवार ते बुधवार' असा आठवडा छापलेला असतो आणि शेजारी शके. राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून वापरात आली. तेव्हा कुणी 'चैत्र १८८२' असं टिपून आणलं तर ते एकोणिसाव्या शतकातलं नाही, १९६० सालचं आहे. हसू नका, या एका चुकीपायी जुनी बासनं खाली-वर झालेली मी पाहिली आहेत.

पात्रता आणि कागदपत्रं

संदर्भ विभागात बसून वाचायला सहसा ओळखपत्र आणि साधा अर्ज पुरतो. सरकारी प्रकाशनं घरी नेता येत नाहीत, त्यासाठी वाद घालू नये. विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बाहेरच्या वाचकाला आपल्या संस्थेचं पत्र लागतं. विधानभवनासारख्या ठिकाणी तर परवानगी आधीच काढावी, आणि हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत तिकडे फिरकूच नये. पुराभिलेखागारासाठी विभागप्रमुखाचं किंवा मार्गदर्शकाचं शिफारसपत्र, ओळखपत्र, विषय आणि कालखंड एवढं तयार ठेवा. 'विदर्भाचा इतिहास' हा विषय नव्हे. '१९३५ ते १९४५, नागपूर जिल्हा, विणकरांच्या सहकारी संस्था' हा विषय.

अर्जात ग्रंथपालाला खरं लागतं ते असं: राजपत्राचं त्या काळचं नाव, भाग, तारीख किंवा आठवडा, खातं, अधिसूचना क्रमांक, पान. सगळं नसेल तर तारीख आणि खातं तरी. एवढं लिहिलेला अर्ज दहा मिनिटांत निकाली निघतो. 'जमिनीबद्दलचं गॅझेट मिळावे ही विनंती' असा अर्ज टेबलावर पडून राहतो आणि त्यात ग्रंथपालाचा दोष नाही.

माहिती अधिकाराचं बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रत पानामागे २ रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ. ३० दिवसांत उत्तर आलं पाहिजे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) नुसार त्यांनीच तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. ती फाईल मुळात किती वर्षं ठेवायची होती हे मात्र आधी विचारा. सरकारी अभिलेखांत 'अ' वर्ग कायमचा, 'ब' ३० वर्षांचा, 'क' १० वर्षांचा, 'ड' एका वर्षाचा. सार्वजनिक ग्रंथालयांचेही अ, ब, क, ड असेच वर्ग असतात, पण ते दर्जाचे आणि अनुदानाचे. एकदा एका सद्गृहस्थांनी 'ड वर्ग ग्रंथालय म्हणजे वर्षभरात नष्ट करायचं का?' असं काळजीने विचारलं होतं. अनुदानाची अवस्था पाहता प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

ग्रंथालयांवर बंधन काय आहे?

कायद्याचं बंधन आहे ते प्रकाशकावर. ग्रंथ प्रदान कायदा १९५४ चा. प्रकाशनानंतर ३० दिवसांत, स्वतःच्या खर्चाने, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत आणि इतर तीन ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत द्यायची. ही तीन म्हणजे मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथली. कलम ७ प्रमाणे हा नियम शासनाच्या प्रकाशनांनाही लागू आहे, फक्त केवळ कार्यालयीन वापरासाठीची पुस्तकं वगळून. न दिल्यास दंड ५० रुपयांपर्यंत. रक्कम आजही तीच आहे, त्यामुळे तिची भीती कुणाला वाटते ते सांगायला नको.

या चारांत विदर्भातलं एकही ग्रंथालय नाही. नागपुरात जे आहे ते त्या त्या संस्थेने आपणहून सांभाळलं म्हणून आहे. आणि जे आपणहून ठेवलं ते जागा कमी पडली की आपणहून काढलंही जातं. एका ग्रंथालयात रंगरंगोटीच्या वेळी जुन्या जनगणनेचे खंड रद्दीत निघालेले मी पाहिले. तेच खंड शेजारच्या संस्थेत आहेत की नाहीत, हे विचारायला कुणी फोनसुद्धा केला नव्हता.

अमेरिकेत याला कायदेशीर व्यवस्था आहे. तिथे सुमारे अकराशे ग्रंथालयं संघ सरकारची प्रकाशनं फुकट घेतात. पात्रतेत किमान १०,००० इतर पुस्तकांची अट आहे आणि बऱ्याच ग्रंथालयांची नेमणूक तिथल्या लोकप्रतिनिधीमार्फत होते. बदल्यात सभासद असो-नसो, कोणालाही ती प्रकाशनं मोफत पाहू द्यायची. प्रती सरकारच्याच मालकीच्या राहतात. निवडक प्रकाशनं घेणाऱ्या ग्रंथालयाने त्या किमान ५ वर्षं ठेवायच्या आणि नंतरही मनाने काढायच्या नाहीत. प्रादेशिक ग्रंथालयाची परवानगी घ्यायची, यादी इतरांना दाखवायची, कुणाला हवं असेल तर द्यायचं. प्रादेशिक ग्रंथालयावर कायम जपणुकीची जबाबदारी, आणि अशी एका राज्यात जास्तीत जास्त दोन. म्हणजे शेवटची प्रत कुणाकडे, हे ठरलेलं असतं.

आपल्याकडे तसा कायदा येईल तेव्हा येईल. तोवर नागपुरातली चार-पाच ग्रंथालयं आपसात एका पानाचा करार करू शकतात. त्यात दोनच गोष्टी हव्यात. कोणत्या मालिकेची शेवटची प्रत कोण ठेवणार: एकाने राजपत्र, दुसऱ्याने जनगणना, तिसऱ्याने विधिमंडळाची कार्यवाही. आणि दाखल नोंदवहीतून कोणतंही सरकारी प्रकाशन कमी करण्याआधी त्याची यादी बाकीच्यांना पाठवून महिनाभर थांबायचं. आंतरग्रंथालयीन देवघेव, सामाईक सूची वगैरे नंतर करता येतं. ई-ग्रंथालय किंवा कोहा यांसारखी ग्रंथालयाची संगणक प्रणाली असेल तर ते सोपं जातं, नसेल तर एक्सेलची शीटही चालते.

स्कॅन करायला कॉपीराइटची धास्ती बाळगू नका. शासनाच्या कृतींवर हक्क ६० वर्षं चालतो, म्हणजे मध्य प्रांताच्या काळातलं सगळं आता मोकळं आहे. राजपत्रातला मजकूर, विधिमंडळाचा कायदा सोडून, पुन्हा छापायला १९५७ च्या कायद्याचं कलम ५२ मुभा देतं.

केंद्राच्या राजपत्राची छपाई ऑक्टोबर २०१५ पासून बंद झाली. तेव्हापासून संकेतस्थळावरची प्रत हीच अधिकृत. त्या तारखेपुढचे अंक बांधणीच्या खंडांत शोधत बसू नका, आणि अलीकडचे अंक नेटवर मिळतात म्हणून अलीकडले-पलीकडले सगळेच खंड काढून टाकायला निघालेल्या समितीला आधी १९५३ चा एखादा अंक नेटवर शोधून दाखवायला सांगा.