प्लास्टिकमिश्रित डांबरी रस्ता

टाकाऊ प्लास्टिकचा लेप दिलेल्या गरम खडीत डांबर मिसळून केलेला रस्ता. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी ही पद्धत विकसित केली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने 2013 मध्ये या पद्धतीसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली (आयआरसी:एसपी:98).

ठाणे आणि नवी मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत 2,000 मिमीहून अधिक पाऊस कोसळतो, आणि घोडबंदर रस्त्यासारख्या मार्गावर न्हावा-शेवा बंदराचे कंटेनर मोठ्या संख्येने धावत असतात. खडी आणि डांबर यांच्यामध्ये पाणी शिरले की चाकांच्या दाबाने डांबर सुटते, खडी उखडते आणि खड्डा पडतो. प्लास्टिकचा पातळ थर खडीची छिद्रे बुजवतो, त्यामुळे ती पाणी कमी शोषते आणि डांबर तिला घट्ट धरून राहते. या पद्धतीचा या भागाला खरा उपयोग हाच आहे. कचरा कमी होतो हा दुसरा लाभ.

हॉट मिक्स प्लँटमध्ये, म्हणजे खडी आणि डांबर गरम करून मिसळणाऱ्या कारखान्यात, खडी सुमारे 160–170 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तिच्यावर प्लास्टिकचे बारीक काप टाकतात. अर्ध्या मिनिटात लेप बसतो, मग डांबर घालतात. प्लास्टिकचे प्रमाण डांबराच्या वजनाच्या 6 ते 8 टक्के असते, म्हणजे 10 टन डांबरामागे 600 ते 800 किलो.

दुधाच्या पिशव्या आणि पातळ पॅकिंग चालते. पीव्हीसी (पाइपांसाठी वापरतात ते क्लोरीनयुक्त प्लास्टिक) मात्र अजिबात चालत नाही, कारण तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा घातक वायू निघतो आणि तो प्लँटवरच्या कामगारांच्या छातीत जातो. म्हणून सोसायटीत सुका कचरा वेगळा ठेवणारे रहिवासी आणि तो निवडणाऱ्या कचरावेचक महिला हे या रस्त्याचे पहिले कारागीर होत. त्यांच्या मजुरीची तरतूद रस्त्याच्या अंदाजपत्रकातच असायला हवी.

ठाणे-बेलापूर रस्त्यासारखे मोठे मार्ग आता काँक्रीटचे आहेत. त्यामुळे या मिश्रणाला वाव उरतो तो डांबरी राहिलेल्या आतल्या रस्त्यांवर. तिथेही गटार तुंबलेले किंवा खालचा भराव कच्चा असेल, तर वरचा थर कितीही चिवट असला तरी खचतो. झिजलेल्या पृष्ठभागातून सूक्ष्म प्लास्टिक पावसाच्या पाण्याबरोबर ठाणे खाडीत जाण्याची शंकाही रास्त आहे, आणि खाडीतले फ्लेमिंगो व खारफुटी पाहता तिची तपासणी रस्त्याच्या गुणवत्ता चाचणीबरोबरच व्हावी.