पीएच.डी.ची फेलोशिप : पात्रता, कागदपत्रं आणि तारखांचा हिशेब

नेटचा, म्हणजे प्राध्यापकपदाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा, निकाल लागला की आमच्या विभागासमोरच्या कट्ट्यावर एक प्रश्न हमखास येतो, "दादा, जेआरएफ निघाली, आता पैसे कधी सुरू होतील?" जेआरएफ म्हणजे पीएच.डी.च्या संशोधनासाठी दर महिन्याला मिळणारी कनिष्ठ फेलोशिप. पेढा हातात असतो, त्यामुळे उत्तर जरा सांभाळून द्यावं लागतं. परीक्षा संपली की कागदांची फेरी सुरू होते आणि त्या कागदांवरच्या तारखा एकमेकींशी जुळाव्या लागतात. गुण थोडक्यात हुकलेले मित्र मला आहेत, तसेच तारीख हुकल्यामुळे महिन्यांचे पैसे बुडालेलेही आहेत. दुसऱ्या यादीत मी स्वतः आहे, ते पुढे येईलच.

आधी जेआरएफ. भाषा, सामाजिक शास्त्रं, वाणिज्य वगैरे विषयांची यूजीसी-नेट वर्षातून दोनदा होते, जून आणि डिसेंबर. ती विद्यापीठ अनुदान आयोगासाठी (यूजीसी) एनटीए ही केंद्राची परीक्षा संस्था घेते. विज्ञानाच्या मूळ विषयांसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट वेगळी. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५०. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलात तरी बसता येतं. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी केलेल्यांनाही २०२४ पासून दार उघडलं आहे. जेआरएफसाठी वयाची अट ३० वर्षं. महिला, अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि तृतीयपंथी उमेदवारांना ५ वर्षं जास्त. नुसत्या सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेला वयाची अट नाही. दोन्ही एकाच निकालात येतात म्हणून पुष्कळांचा घोळ होतो. आणखी एक घोळ सेटचा, म्हणजे राज्यस्तरीय पात्रता परीक्षेचा. राज्याची सेट पास झाली की प्राध्यापकपदाची पात्रता मिळते, फेलोशिप मिळत नाही.

रक्कम १ जानेवारी २०२३ पासून वाढली आहे. पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि वरिष्ठ फेलोशिप म्हणजे एसआरएफ झाल्यावर ४२,०००. वर घरभाडे भत्ता. मात्र वसतिगृहात राहत असाल तर तो मिळत नाही. कन्टिन्जन्सी म्हणजे पुस्तकं, झेरॉक्स, क्षेत्रभेटीचा प्रवास यांसाठीची रक्कम मानव्यविद्यांना पहिली दोन वर्षं १०,००० आणि नंतर २०,५००. एकूण मुदत पाच वर्षं. जेआरएफचं पत्र ३ वर्षं चालतं, तेवढ्यात पीएच.डी.ला प्रवेश घेऊन रुजू व्हायला हवं. तीन वर्षं म्हणजे खूप वाटतात. पण चांगला गाईड, त्याच्याकडे रिकामी जागा, विद्यापीठाची प्रवेश प्रक्रिया आणि आरआरसीची (संशोधनाचा विषय मंजूर करणाऱ्या समितीची) बैठक या चार गोष्टी एका वर्षात जुळणं म्हणजे नशीबच.

जेआरएफ नसेल तर

राज्यात प्रवर्गानुसार संस्था आहेत. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा, कुणबी आणि मराठा-कुणबी उमेदवारांसाठी सारथी, ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती. पहिल्या दोन पुण्यात, तिसरी नागपुरात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या जनजाती कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय फेलोशिप आहे, वर्षाला ७५० जागा, आणि त्यासाठी नेटची सक्ती नाही.

राज्यातल्या संस्थांचे नियम जाहिरातीगणिक बदलतात. किती जागा, चाळणी परीक्षा आहे की मुलाखत, यावरून आंदोलनं झाली आहेत. त्यामुळे गेल्या वर्षीच्या मित्राचा अनुभव ऐकावा, पण अर्ज या वर्षीची जाहिरात समोर ठेवूनच भरावा. जाहिरातीत एक ओळ शोधाच : पीएच.डी.ची नोंदणी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतची असावी. ही खिडकी. तुमच्या कन्फर्मेशन लेटरवर, म्हणजे नोंदणी पक्की झाल्याच्या पत्रावर, प्रवेशाची एक तारीख असते, आरआरसीच्या बैठकीची दुसरी आणि पत्र निघाल्याची तिसरी. यातली 'नोंदणीची तारीख' कोणती, हे पत्रात स्पष्ट लिहून घ्या. लिहिलेलं नसेल तर अर्ज करण्याआधीच विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागातून तसा दाखला काढा. त्रुटीची यादी लागल्यावर धावपळ केली की त्या आठवड्यात नेमके साहेब रजेवर असतात.

कागदांची पिशवी

दहावीपासूनच्या गुणपत्रिका, आधार, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, कन्फर्मेशन लेटर, संशोधन आराखडा, गाईड आणि संशोधन केंद्राचं पत्र, आधारशी जोडलेलं बँक खातं, आणि कुठेही नोकरी किंवा दुसरी फेलोशिप नसल्याचं हमीपत्र. यादी लांब दिसते, पण अडतं तीनच ठिकाणी.

पहिलं ठिकाण नाव. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं नाव आधी. पॅनवर कधी वडिलांचं नाव गळतं. माणसाला यात काही खटकत नाही, ऑनलाइन पोर्टलला खटकतं. नेटचा फॉर्म भरतानाच आधार आणि दहावीची गुणपत्रिका शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडून पाहा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत पिशवीत हवीच. ज्या मुलींनी नाव बदललेलं नाही, त्यांना ही एक फेरी वाचते.

दुसरं ठिकाण नॉन-क्रीमीलेअर. नेटसाठी केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो, राज्याच्या संस्थेला राज्याचा. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, आणि एप्रिलमध्ये सेवा केंद्रावर दहावी-बारावीनंतरच्या प्रवेशांची गर्दी सुरू झालेली असते. जात केंद्राच्या यादीत आहे का, तेही आधी पाहा. एसईबीसीचा, म्हणजे राज्याने ठरवलेल्या सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गाचा, दाखला केंद्राच्या परीक्षेत कामाचा नाही. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, पण नॉन-क्रीमीलेअर ठरवताना आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न त्यात धरत नाहीत. वडील शिक्षक आहेत म्हणून अर्जच न करणारी मुलं मी पाहिली आहेत.

तिसरं हमीपत्र. ते सगळे न वाचताच सही करतात. १९१३ साली बडोदा संस्थानाने भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, तेव्हा परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याचा करार त्यांनी लिहून दिला होता. आजच्या हमीपत्रांत अशी वेठ नसते, पण पीएच.डी. अर्धवट सोडली तर पैसे परत करायचे का, तासिका तत्त्वावर शिकवलं तर चालेल का, हे तिथंच लिहिलेलं असतं. तासिकांचं मानधन बँकेत जमा झालं की ते पासबुकात दिसतं, एवढं लक्षात असू द्या.

रुजू अहवाल

इथे माझे पैसे गेले. जेआरएफ पीएच.डी.ला रुजू झाल्याच्या किंवा पात्रता मिळाल्याच्या, जी नंतरची असेल त्या तारखेपासून धरतात. माझी नोंदणी झाली होती, पत्र हातात होतं, पण रुजू अहवाल म्हणजे जॉइनिंग रिपोर्ट मी "गाईड गावाहून आले की सही घेऊ" म्हणून ठेवून दिला. मग केंद्रप्रमुख बदलले. शेवटी अहवालावर आली ती सहीच्या दिवसाची तारीख, आणि मधल्या चार महिन्यांचा हिशेब कोणीच लावला नाही. चूक माझीच. तुम्ही रुजू व्हाल त्याच दिवशी अहवाल द्या, आवक क्रमांक आणि शिक्का मारलेली पोच घ्या, तिचा फोटो काढा.

यानंतर संस्थेच्या कार्यालयातला एक कर्मचारी तुमची माहिती पोर्टलवर भरतो, दुसरा ती तपासून पुढे पाठवतो. पोर्टलच्या भाषेत मेकर आणि चेकर. दर महिन्याला तुम्ही काम करत आहात याची खात्री याच दोघांनी करायची असते. ती राहिली की त्या महिन्याचे पैसे अडकतात. म्हणून महिनाअखेरीला कार्यालयात एक चक्कर, आणि त्या दोघांशी गोड बोलणं. हे कुठल्याच मार्गदर्शक पुस्तिकेत नाही.

दोन वर्षांनी एसआरएफसाठी तीन जणांची समिती बसते, त्यात गाईड, विभागप्रमुख आणि बाहेरचा तज्ज्ञ. प्रगती अहवाल लिहून तयार ठेवा आणि समितीसाठी अर्ज मुदतीच्या दोन महिने आधी करा, कारण बाहेरच्या तज्ज्ञाची तारीख मिळेपर्यंतच महिना जातो.

इतर दारं

सामाजिक शास्त्रांसाठी आयसीएसएसआरची (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची) डॉक्टोरल फेलोशिप. विज्ञानात एम.एस्सी.ला विद्यापीठात पहिले आलात तर केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर. पीएच.डी.दरम्यान अमेरिकेत ६ ते ९ महिने काम करायचं असेल तर फुलब्राइट-नेहरू. मराठ्यांच्या किंवा मुंबई इलाख्याच्या इतिहासावर काम करणाऱ्यांना लंडनमधलं ईस्ट इंडिया कंपनीचं दप्तर बघायचं असतं. त्यांच्यासाठी चार्ल्स वॉलेस ट्रस्टचं काही आठवड्यांचं अनुदान उपयोगी पडतं, शेवटच्या टप्प्यात आलेल्यांना. परदेशात पूर्ण पदवी करायची असेल तर अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ७५ जागा. सर्व जातीधर्मांना खुली, पण कर्जरूपाने मिळणारी जे. एन. टाटा एन्डोमेंट १८९२ पासून चालू आहे.

नवीन दारं शोधायची माझी एक युक्ती आहे. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात आपल्या विषयाचे अलीकडचे प्रबंध उघडायचे आणि थेट ऋणनिर्देशाच्या पानावर जायचं. आई-वडील, गाईड, ग्रंथपाल यांच्या मध्ये कुठेतरी 'आर्थिक साहाय्याबद्दल आभार' असतं. ज्या संस्थेचं नाव आपण कधी ऐकलेलं नसतं, ती तिथं सापडते.

मधेच नोकरी लागली, तर रुजू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंतचीच फेलोशिप तुमची. त्याच आठवड्यात गाईडमार्फत राजीनाम्याचं पत्र द्या, कन्टिन्जन्सीचं उपयोगिता प्रमाणपत्र पावत्यांसह जमा करा, आणि जास्तीचा हप्ता खात्यात आला असेल तर तो खर्च करू नका. संस्था तो परत मागते, कधी कधी दोन वर्षांनी.